खुर्चीचा पोशाख

(बी. ए. भाग २)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्यावर घर बांधण्याचा प्रसंग अजून आलेला नाही. लग्न मात्र यंदा उन्हाळ्यात झाले. थोरल्या ताईचे. त्या लग्नाच्या यादीत एक ओळ अशी होती, की तिचा अर्थ घरात फक्त मलाच ठाऊक होता : ‘खुर्ची कव्हर, नग ३००’.

ही ओळ अकोल्याहून, नवरदेवाच्या घरून आली. मागणी म्हणून नव्हे. “आमच्याकडे स्वागत समारंभाला आता खुर्च्यांना कव्हर असतातच,” एवढेच व्याही फोनवर सहज बोलले. पण असे सहज बोललेलेच मुलीच्या बापाला रात्रभर ऐकू येत राहते.

मला त्याचा अर्थ ठाऊक होता, कारण अमरावतीला कॉलेजात आल्यापासून दोन्ही उन्हाळे मी एका बिछायत केंद्रात कामाला होतो. माझी फी त्यातूनच निघाली. कॉलेजची पायरी चढलेला मी आमच्या घरातला पहिलाच. त्यामुळे याला सगळे पुस्तकातून कळते असा घरच्यांचा समज आहे. हे ज्ञान मात्र पुस्तकातले नाही. मित्रहो, उद्या तुमच्याही घरच्या यादीत ही ओळ येईल, म्हणून जे शिकलो ते येथे मांडतो.

मांडव, भांडी, खुर्च्या भाड्याने देणाऱ्या दुकानाला आपल्या वऱ्हाडात अजूनही ‘बिछायत केंद्र’ म्हणतात. बिछायत म्हणजे अंथरण्याची वस्तू : सतरंजी, जाजम, गादी. पूर्वी लग्नातली मंडळी खालीच बसत. लोखंडी घडीच्या चार-सहा खुर्च्या येत, त्या पाटील, मास्तर आणि डॉक्टर यांच्यासाठी. आजोबांना कोणाच्याही लग्नात खुर्ची मिळाली नाही, असे आजी सांगते.

पुढे प्लॅस्टिकची खुर्ची आली. १९७२ साली आंरी मासोने या फ्रेंच कारखानदाराने एकाच साच्यात ओतलेली अखंड प्लॅस्टिक खुर्ची बाजारात आणली आणि त्या धर्तीच्या खुर्च्या जगभर पसरल्या. वजनाला हलकी, एकीवर एक रचता येणारी, किमतीने स्वस्त. ती आपल्या खेड्यांत पोचली आणि मांडवातल्या सर्वांना प्रथमच सारखे आसन मिळाले. पण ही खुर्ची लवकर मळते, ओरखडे धरते, उन्हाने तिचा रंग उडतो. ते झाकण्यासाठी मग तिला कपडे आले.

कव्हर मुख्यतः दोन जातींचे. एक सॅटिनसारख्या चकचकीत पॉलिएस्टरचे, सैल. त्याला इस्त्री लागते आणि पाठीमागे रंगीत पट्ट्याची गाठ मारावी लागते. दुसरे ताणले जाणारे. त्यात स्पॅन्डेक्सचा धागा असतो. हा धागा १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने शोधला. हे कव्हर चारही पायांत अडकवले की अंगरख्यासारखे बसते, इस्त्री लागत नाही; भाडे मात्र थोडे जास्त.

ठरवताना पहिली गोष्ट खुर्चीचा प्रकार पाहणे. बिनहाताच्या खुर्चीचे कव्हर हाताच्या खुर्चीवर बसत नाही. खुर्च्या एका दुकानाच्या आणि कव्हर दुसऱ्याचे असतील, तर एक नग आधी चढवून पाहावा. दुसरी गोष्ट संख्या. स्वागत समारंभात माणसे येतात, भेटतात, जेवतात, निघतात. पाहुणे जितके तितक्या खुर्च्या लागत नाहीत. तिसरी गोष्ट मोजणी. कव्हर पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यात येतात. घेताना आणि परत देताना दोन्ही पक्षांसमोर मोजावेत, आधीचे डाग आणि उसवण तेव्हाच दाखवून बिलावर लिहून घ्यावी. नाहीतर मागच्या लग्नाच्या भाजीचा डाग तुमच्या नावावर लागतो. चढवण्या-उतरवण्याची मजुरी आणि वाहतूक भाड्यात धरली आहे का, तेही विचारावे. पक्क्या बिलावर मांडवाच्या सेवेला १८ टक्के जीएसटी लागतो.

हळदीच्या कार्यक्रमाला पांढरे कव्हर घेऊ नये. हळदीतला रंग साबण-सोड्याने निघत नाही, उलट लाल होतो. आमच्याकडे धुणाऱ्या बाया असे कव्हर धुऊन कडक उन्हात टाकत. उन्हाने हळद फिकी पडते. आणि उन्हाळ्याचेही भान ठेवावे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणे काही नवे नाही. पॉलिएस्टर घाम शोषत नाही. तासभर बसलेल्या माणसाची पाठ ओली होते.

आता आमच्या घरचे सांगतो. कव्हरामागे बारा रुपयेप्रमाणे ३,६०० रुपये आणि चढवण्याची मजुरी ४००, असे ४,००० झाले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे अर्धा क्विंटल कापूस. कापूस पिकवणाऱ्याने अर्धा क्विंटल कापूस विकून एका संध्याकाळपुरते पॉलिएस्टर भाड्याने आणायचे, असा तो हिशेब होता.

मी शहाणपणाने तोड काढली : पुढच्या शंभर खुर्च्यांनाच कव्हर लावू, वरपक्ष तिथे बसेल. बाबांना ते पटत आले होते. तेवढ्यात आजीने विचारले, “अन् मांगच्या दोनशेवर कोन बसन? आपलेच ना? मंग आपनच आपल्या मानसायले मांगं बसवाचं काय?”

मी निरुत्तर झालो. बिछायत केंद्रात मी खुर्च्या मोजायला शिकलो होतो. त्यांवर कोण बसणार याचा विचार केला नव्हता.

बाबा म्हणाले, “लावाचे त सबन खुर्च्यायले, नाई त एकीलेबी नाई.” मग त्यांनी स्वतः अकोल्याला फोन केला. “खुर्च्या साध्या राहतीन, पन सबनच्या सारख्या राहतीन.” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग व्याही म्हणाले, “अहो, मी तं सहज बोललो होतो.”

लग्नाच्या आदल्या रात्री मी आणि माझ्या मित्रांनी तीनशे खुर्च्या सोड्याच्या पाण्याने घासून काढल्या. दुसऱ्या दिवशी आजी पहिल्या रांगेत बसली. व्याही तिच्या शेजारच्या तशाच खुर्चीवर बसले.

हौसेने आणि ऐपतीने कव्हर लावणाऱ्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्या धंद्यावर धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, गाठी मारणाऱ्या अनेकांची चूल पेटते. माझे शिक्षणही त्यावरच झाले. प्रश्न आहे तो कर्ज काढून लावण्याचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत कीर्तनांतून हेच सांगितले, की कर्ज काढून लग्न करू नका. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाची पदवी उद्या आपल्या हाती पडणार आहे. तेव्हा घरच्या यादीत अशी ओळ आली, तर शिकलेल्या मुलाने ती आधी नीट वाचावी, हिशेब मांडावा, आणि मग घरातल्या सर्वात वडील माणसाला विचारावे, एवढीच माझी नम्र विनंती.