वडिलांच्या हत्यारांच्या खोलीतलं लेबल

आज एका डीजेच्या धंद्याबद्दल बोलूया. वरातीत भिंती लावणारा नाही हं. हा मार्क नाइट, इंग्लंडमधल्या केंटचा. हाउस म्युझिक वाजवतो आणि ट्रॅक स्वतः बनवतो.

डीजेची कमाई म्हणजे खरं तर रोजंदारीच. वाजवलं तर पैसे, आजारी पडलात तर शून्य. तुम्ही एकट्याने दुकान चालवत असाल तर हे दुखणं तुम्हाला नवीन नाही. मार्कने २००३ मध्ये भाऊ स्टुअर्टला सोबत घेऊन रेकॉर्ड लेबल काढलं. जागा कोणती, तर वडिलांची हत्यारं ठेवायची खोली! म्हणून नाव 'टूलरूम'.

पाटीवर त्याने स्वतःचं नाव टाकलं नाही, हे नीट बघा. तिथे दुसऱ्या कलाकारांचे ट्रॅकही निघू लागले. त्यामुळे मार्क परदेशात कुठेतरी वाजवत असला तरी इकडे काउंटर चालूच. पुढे त्याच नावाने क्लबमधले कार्यक्रम, रेडिओ शो आणि ट्रॅक बनवायला शिकवणारी अकॅडमीसुद्धा आली. मला तर अकॅडमीच सगळ्यात हुशारीची वाटते. उद्याचा पुरवठादार आज फी भरून तुमच्याकडे येतोय!

मधल्या काळात त्याचे स्वतःचे ट्रॅक येतच होते. २००९ चा 'डाउनपाइप' तर अंडरवर्ल्ड या नावाजलेल्या ग्रुपसोबतचा. पण पहिला अल्बम 'अनटोल्ड बिझनेस' आला थेट २०२१ मध्ये. म्हणजे दुकान उघडल्यावर अठरा वर्षांनी.

तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर तुमच्या गल्ल्यात काय येतं? कमेंटमध्ये आकडा लिहा, खराखुरा.