दीर्घकालीन दाह आणि नैराश्य

जखम झाली किंवा जंतू शिरला की शरीराचा तो भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. ही दाहाची क्रिया संरक्षणासाठी असते आणि काम झाले की शमते. काहींच्या शरीरात मात्र ती शमत नाही. संधिवात, मधुमेह, पोटाभोवती साठलेली चरबी, हिरड्यांचे जुने दुखणे, वर्षानुवर्षांचा ताण यांमुळे मंद दाह चालूच राहतो. बाहेरून काही दिसत नाही. रक्त तपासले तर सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, वाढलेले आढळते. हा दाह मेंदूपर्यंत पोचून मनःस्थिती बिघडवू शकतो.

याचा ठळक पुरावा एका औषधाने दिला. हिपॅटायटिस सी आणि त्वचेचा मेलॅनोमा हा कर्करोग यांवर इंटरफेरॉन-अल्फा वापरले जाई. हे शरीरातच तयार होणारे, दाह चेतवणारे प्रथिन आहे. त्याची इंजेक्शने सुरू झाली की अनेक रुग्णांना आधी थकवा येई, भूक मंदावे आणि काही आठवड्यांत त्यांतल्या बऱ्याच जणांना खरेखुरे नैराश्य येई. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मेलॅनोमाच्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून पॅरोक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध दिले गेले. त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण ११ टक्के राहिले, ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात ४५ टक्के. दाह चेतवणारा पदार्थ शरीरात सोडला की नैराश्य येऊ शकते, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

दाहाचा निरोप मेंदूला पोचवतात ती सायटोकाइन नावाची प्रथिने. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा जिथे विरळ आहे तिथून ती आत शिरतात, किंवा पोट आणि छातीतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूमार्फत संदेश धाडतात. मग मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी जाग्या होतात आणि स्वतःही सायटोकाइन सोडू लागतात.

पुढचा बदल रसायनांचा. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपल्याला डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून मिळते आणि त्यापासूनच मेंदूत सेरोटोनिन बनते. दाह असताना आयडीओ नावाचे विकर जोर धरते आणि ट्रिप्टोफॅनला कायन्युरेनिनच्या वाटेने वळवते. सेरोटोनिनसाठी लागणारा कच्चा माल कमी होतो, हा एक तोटा. अनेक अभ्यासक मात्र दुसऱ्या तोट्याला अधिक महत्त्व देतात. कायन्युरेनिनपासून मायक्रोग्लियांमध्ये क्विनोलिनिक आम्ल तयार होते. ते मेंदूपेशींना सतत उत्तेजित ठेवते आणि त्याचा अतिरेक पेशींना घातक ठरतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवात हे आम्ल वाढलेले असल्याचे स्वीडनमधील संशोधकांना आढळले. डोपामाइनलाही झळ बसते. ते तयार होण्यासाठी लागणारा टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सहघटक दाहात खर्ची पडतो आणि कशातच गोडी वाटत नाही, हातपाय हलवावेसे वाटत नाहीत. दाहाशी जोडलेल्या नैराश्यात रडवेलेपणापेक्षा हा थकवा आणि निरुत्साह अधिक दिसतो.

तापात पडलेल्या माणसालाही जेवण, बोलणे, भेटीगाठी नको होतात. अमेरिकेतील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडले की आजारी जनावराचे हे वागणे म्हणजे दुबळेपणा नसून जंतूंशी लढण्यासाठी शक्ती राखण्याची सोय आहे. चार दिवसांसाठी ती उपयोगी खरी, पण दाह वर्षभर टिकला तर तीच सोय जाचक होते.

तरीही दाह हे सगळ्या नैराश्याचे कारण नव्हे. नैराश्याच्या साधारण चौथा हिस्सा रुग्णांमध्येच सीआरपी लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून जास्त सापडते. उपचारांतही हा फरक दिसतो. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहरोधक औषधाची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एकूण गटाला फायदा झाला नाही. ज्यांचे सीआरपी ५ मिलिग्रॅमहून जास्त होते त्यांच्यात मात्र सुधारणेची चिन्हे दिसली. कमी सीआरपी असलेल्यांना उलट औषधाशिवायच बरे वाटले.

कारण आणि परिणाम यांची गुंतागुंतही ध्यानात घ्यावी लागते. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात, नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे सायटोकाइन जास्त होते त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य येण्याची शक्यता अधिक दिसली. म्हणजे दाह आधी, नैराश्य नंतर. पण नैराश्यात झोप मोडते, चालणे-फिरणे थांबते, वजन वाढते आणि त्यातून दाह वाढतो, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजूंनी चालणारे हे चक्र नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप यांनी सैल होते.

या माहितीवरून कोणी स्वतःच्या मनाने दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सुरू करू नयेत. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. चालू असलेली नैराश्याची औषधेही डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. मात्र संधिवात, मधुमेह किंवा आतड्याचा जुना दाह असलेल्या माणसाची उमेद हरवली असेल, तर त्याला ‘मन घट्ट कर’ एवढे सांगून भागत नाही. सांध्यांची आणि साखरेची चौकशी होते त्याच तपासणीत मनाचीही व्हायला हवी, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तर रुग्णाने किंवा घरच्यांनी ते आपणहून सांगावे.