एका टाकीत पावणेदोन क्विंटल सरपण

घरगुती गॅसची टाकी 14.2 किलोची. किलोमागे साधारण 46 मेगाज्यूल धरले, तर तिच्यात सुमारे 650 मेगाज्यूल उष्णता असते आणि शेगडीवर त्यातली साठ टक्के तरी भांड्याला लागते. साध्या चुलीत मात्र लाकडाची जेमतेम बारा-पंधरा टक्के उष्णता कामी येते, बाकीची धुरासोबत जाते. म्हणजे एका टाकीएवढा स्वयंपाक चुलीवर करायचा तर पावणेदोन क्विंटल वाळलेलं सरपण हवं. वीस किलोचा भारा धरला, तर डोक्यावरून जवळपास नऊ खेपा.

आता हा हिशेब धाराशिव जिल्ह्याला लावून बघा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 16,57,576. पाच माणसांचं एक घर धरलं तर 3 लाख 31 हजार घरं होतात. भाव चढला म्हणून प्रत्येक घराने वर्षाला फक्त एक टाकी कमी आणली, तरी 58 हजार टन लाकूड लागेल. दहा टनी ट्रक 5,800. डोक्यावरचे भारे 29 लाख! आणि जिल्ह्याचं वनक्षेत्र एक टक्काही नाही. मग बांधावरची बाभूळ तुटते, वेडी बाभूळ तुटते, तूर निघाली की तुराट्या घरामागे रचल्या जातात.

भाव वाढला म्हणून गॅस कुणी परत करत नाही. चहा, लेकराचं दूध, अवेळी आलेला पाहुणा एवढ्यापुरती शेगडी पेटते. भाकरी आणि अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर जातं. टाकी कधी लावली ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात, संपत आली की आडवी करून उरलासुरला गॅस वापरतात. देशभरात 2022-23 मध्ये गरीब घरांसाठीच्या उज्ज्वला योजनेच्या एका जोडणीमागे वर्षाला सरासरी 3.71 टाक्या भरल्या गेल्या. एक टाकी तीन महिन्यांहून जास्त पुरवायची, तर चूल विझवून कसं चालेल?

भाव रुपयात बघण्यापेक्षा मजुरीत बघावा, तेव्हा तो खरा कळतो. मे 2020 मध्ये मुंबईत टाकी 579 रुपयांना होती आणि रोजगार हमी योजनेची मजुरी 238. अडीच दिवसांचं काम. मार्च 2023 मध्ये टाकी 1,102.50 वर गेली, मजुरी 256 होती. सव्वाचार दिवस राबल्याशिवाय ती येत नव्हती.

भाववाढीची चिडचिड मतपेटीपर्यंत पोचते, हे सगळ्याच सरकारांना पक्कं ठाऊक आहे. सप्टेंबर 2012 मध्ये केंद्राने अनुदानाच्या टाक्या वर्षाला सहावर आणल्या. ओरड झाली तशा जानेवारी 2013 मध्ये नऊ आणि लोकसभेच्या तोंडावर, जानेवारी 2014 मध्ये बारा झाल्या. ऑगस्ट 2023 मध्ये टाकीचा भाव 200 रुपयांनी उतरला. 8 मार्च 2024 ला आणखी शंभराची कपात जाहीर झाली आणि आठ दिवसांनी लोकसभा निवडणुकीचं वेळापत्रक आलं. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याची घोषणा केली. विधानसभेचं मतदान नोव्हेंबरमध्ये झालं.

तीन टाक्या ही खरीच मोठी मदत आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण उज्ज्वलाच्या लाभार्थी बाईला आधी पूर्ण भाव मोजावा लागतो. योजनेचे पैसे नंतर खात्यात येतात. शेतात काम नसलेल्या उन्हाळ्यात पूर्ण भावाचे पैसे हातात असतील तरच टाकी घरात येते. सरकारने ही रक्कम सरळ एजन्सीला द्यावी आणि टाकी दारात तिला फुकटच मिळावी.