ॲव्हरेजचा आकडा आणि राजूर घाट

वेगासाठी बांधलेल्या मोटारीचे इंजिन किती इंधन पिते, हा प्रश्न महाराष्ट्रात दीर्घकाळ गैरलागू मानला गेला. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीच्या 1089 घनसेंटिमीटर इंजिनाकडून कोणी वेगाची अपेक्षा ठेवली नाही आणि त्याच कुर्ल्यातून पुढे आलेल्या 1.6 लिटरच्या पॅलिओकडून काटकसरीची. रांजणगावच्या अबार्थ पुंटोने 2015 साली 1.4 लिटरमधून 145 अश्वशक्ती काढली; तिचे ॲव्हरेज हा तिच्या चाहत्यांच्या आवडीचा विषय मात्र कधीच नव्हता.

खरी तुलना 2013 साली शक्य झाली. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याने त्या वर्षी पोलोच्या एकाच सांगाड्यात दोन ‘जीटी’ आणल्या, एक 1.2 लिटरची टर्बो पेट्रोल टीएसआय आणि दुसरी टीडीआय डिझेल. दोहोंची अश्वशक्ती 105 असली, तरी टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या दांड्याला मिळणारे पीळबळ, पेट्रोलमध्ये 175 न्यूटन-मीटर होते आणि डिझेलमध्ये 250. प्रमाणित ॲव्हरेज पेट्रोलचे लिटरला 17.2 किलोमीटर होते, तर डिझेल जीटीच्या नंतरच्या 1.5 लिटर आवृत्तीचे जवळजवळ 20.

डिझेलला जागा देणे म्हणजे वेगाच्या संस्कृतीचा अपमान, असे मानणारे काही परीक्षक यावर एक खरा आक्षेप घेतात: एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा असते, त्यामुळे लिटरमागे दिसणारा बराचसा फरक इंधनाचा आहे, इंजिनाचा नव्हे. आक्षेप मान्य केला, तरी तो प्रयोगशाळेतील रोलरवरच्या चाचणीपुरता टिकतो. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकड्यांमागील चाचणीचक्रात कमाल वेग ताशी 90 किलोमीटर असतो, चढ नसतो आणि वातानुकूलन बंद असते. अशा हलक्या भाराखाली टर्बो पेट्रोल इंजिन शहाण्या मुलासारखे वागते. भार वाढला की मात्र ज्वलनकक्षात इंधन वेळेआधी पेटून ठोके पडू नयेत म्हणून ठिणगी उशिरा द्यावी लागते, आणि टर्बोत शिरणारे वायू फार तापू नयेत म्हणून कित्येक इंजिनांत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारले जाते. हे जादा पेट्रोल गाडी ओढत नाही, ते केवळ थंडावा देते. डिझेलमध्ये आधी हवाच दाबली जाते आणि इंधन ऐनवेळी येते, त्यामुळे तेथे या दोन्ही अडचणी नाहीत. शिवाय हवा सुमारे एक-सोळांश आकारमानात दाबली जात असल्याने प्रत्येक थेंबातून अधिक काम निघते.

धामणगाव बढे परिसरातील वाहनधारकाला याचा पडताळा घेण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, कारण मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट ते काम करतो. कमी फेऱ्यांवरच पीळबळ मिळत असल्याने जीटी टीडीआय वरच्या गिअरमध्ये चढत राहते, तर तेवढ्याच अश्वशक्तीच्या पेट्रोल गाडीला गिअर उतरवून फेऱ्या वाढवाव्या लागतात. याच बुलढाणा जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेडराजा या बाजूने जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी 120 असल्याने हवेचा विरोध 90 च्या तुलनेत जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि प्रमाणपत्रावरील आकडा तेथे निरुपयोगी ठरतो.

पेट्रोलच्या बाजूनेही प्रगती झाली, हे नोंदवले पाहिजे. चाकणच्याच व्हर्टसमधील 150 अश्वशक्तीचे 1.5 लिटर इंजिन हलक्या भारावर चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवते, ही युक्ती सपाट रस्त्यावर उत्तम आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे ठोके कमी होतात, पण इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने ॲव्हरेज घसरते.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 मानके लागू झाली, नायट्रोजन ऑक्साइड व काजळी रोखणारी यंत्रणा लहान गाडीला परवडेना, आणि चाकणची लहान डिझेल इंजिने बंद पडली. हवेच्या दृष्टीने निर्णय योग्य असेल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने एक उत्तम शाखा भर बहरात छाटली गेली. ज्या वाचकांकडे जीटी टीडीआय अजून सुस्थितीत असेल, त्यांनी टाकी काठोकाठ भरून राजूर घाटाच्या दहा फेऱ्या कराव्यात, पुन्हा भरताना लागलेले लिटर मोजावेत आणि तो आकडा टीएसआयवाल्या शेजाऱ्याच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा.