अर्धा वाटा, पण कशाचा?

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीला मुलीने मला ‘कारवाँ’ भेट दिला. दिसायला जुना ट्रान्झिस्टर, पोटात पाच हजार जुनी हिंदी गाणी. कॅसेट आणि सीडीची विक्री आटल्यावर ‘सारेगामा’ने २०१७ मध्ये काढलेली ही युक्ती. मला ती मानवली. मोबाइलवर गाणे शोधण्याचा माझा वेग सरकारी फायलीइतकाच आहे!

सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही; १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित करणाऱ्या ग्रामोफोन कंपनीची वारस. तिची मक्तेदारी ऐंशीच्या दशकात कॅसेटने मोडली. गुलशन कुमार यांच्या ‘टी-सीरिज’ने स्वस्त कॅसेट पानटपरीपर्यंत पोहोचवल्या आणि कॉपीराइट कायद्यातील एका सवलतीच्या आधारे जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली. पुढे एमपी-थ्रीने सगळ्यांचीच विक्री पोखरली.

वस्तू विकून भागेना, तेव्हा या व्यवसायाने हक्क भाड्याने देण्याचा मार्ग धरला : कॉलर ट्यून, एफएम, यूट्यूब, आता स्ट्रीमिंग. पण हे भाडे कुणाचे? विशेष करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा पहिला मालक निर्माता, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला होता. तो दुरुस्त करायला संसदेला पस्तीस वर्षे लागली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांना समान वाटा दिला आणि तो कंपनीला लिहून देण्यासही मनाई केली.

याच दुरुस्तीने प्रसारकांना ठरावीक दराने गाणी वाजवण्याचा वैधानिक परवाना दिला. स्ट्रीमिंगला मात्र तो लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच मत कायम ठेवले. म्हणजे इंटरनेटवर दर ठरतो तो कंपनी आणि सेवा यांच्या खासगी करारात. कायद्याच्या शब्दांपुरता निकाल योग्य असेल. पण सेवाकाळात मी एक गोष्ट अनेकदा पाहिली : वाटा कायद्याने ठरतो, रक्कम मात्र हिशेब ठेवणारा ठरवतो. किती कोटींचा करार, कोणते गाणे किती वेळा ऐकले गेले, आगाऊ रकमेतले किती कोणत्या गाण्याच्या नावावर, हे आकडे गीतकारांच्या संस्थेला तपासता यावेत, अशी तरतूद नियमांत हवी. त्यासाठी पुन्हा पस्तीस वर्षे लागू नयेत; १९७७ च्या पिढीतले फार थोडे आज हयात आहेत.