तारा फुटताना बघायला कोण गेलं होतं?



मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली, बचत गोळा झाली, रजिस्टर मिटलं आणि एका ताईंच्या मुलीनं विषय काढला. ती बारावी सायन्सला आहे. आपल्या तव्यातलं लोखंड आकाशातले तारे फुटून आलंय, असं ती सांगत होती. त्यावर मावशी म्हणाल्या, "फुटताना बघायला कोण गेलं होतं गं?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न बरोबर होता. आम्ही त्याचं उत्तर शोधलं, तेच आज सांगतो.

जवळ जाऊन कोणी बघितलेलं नाही. दुर्बिणीतून फुटलेला तारा दिसतो, पण त्याच्या पोटात काय चाललं ते दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ तारा कॉम्प्युटरमध्ये मांडतात आणि तिथंच फोडून बघतात.

ताऱ्याचं वजन त्याला आत दाबतं, पोटातली उष्णता बाहेर रेटते. दोन्हींचा जोर सारखा असेल तोवर तारा टिकतो. सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन असं करत शेवटी लोखंड तयार होतं. लोखंड हे असं सरपण आहे की ते जळून उष्णता देतच नाही. मग गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. सूर्यापेक्षा जास्त वजन शेवटी वीस-पंचवीस किलोमीटर रुंद गोळ्यात मावतं! वरून पडणारा माल त्यावर आपटून उलटा उसळतो. (गाभ्यातलं लोखंड मात्र आतच अडकतं. तव्यापर्यंत येतं ते स्फोटाच्या वेळी नव्यानं तयार झालेलं, आणि विझलेले छोटे तारे फुटतात त्यांचं.)

आता कॉम्प्युटरचं काम. ताऱ्याचे लाखो बारीक चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचं आपल्या रजिस्टरसारखं एक पान: मागची शिल्लक किती, शेजारच्या चौकोनातून आलं किती, तिकडे गेलं किती, आता शिल्लक किती. फक्त रुपयांऐवजी वजन, वेग आणि उष्णता. सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी वेळ पुढे सरकायचं आणि सगळी पानं पुन्हा लिहायची. यासाठी वापरला जाणारा 'फ्लॅश' नावाचा एक प्रोग्राम अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात तयार झाला. मोठं गणित असलं तर हजारो प्रोसेसरांचा महासंगणकही महिनोन्‌महिने चालतो.

गंमत पुढेच आहे. १९६६ मध्ये स्टर्लिंग कोलगेट आणि रिचर्ड व्हाइट यांनी असं गणित मांडलं. न्यूट्रिनो नावाचे, आपल्या अंगातूनही आरपार जाणारे कण ताऱ्याला फोडतात, असं त्यांचं म्हणणं. पण पुढे लोकांनी बारकाईनं हिशोब केला, तर कॉम्प्युटरमधला तारा फुटेचना! धक्का निघायचा आणि वाटेतच थांबायचा. अशी कितीतरी वर्षं गेली.

आमच्या गटात एकदा चाळीस रुपये जुळत नव्हते. बेरीज चारदा केली, बरोबरच येत होती. शेवटी कळलं, एक नोंदच राहिली होती. ताऱ्याचंही तसंच झालं. गणित सोपं व्हावं म्हणून तारा कांद्यासारखा, एकसारख्या गोल थरांचा धरला होता. खरा तारा चुलीवरच्या डाळीसारखा खदखदतो. तापलेला माल वर येतो, थंड खाली जातो, आणि त्यामुळे न्यूट्रिनोंना तो तापवायला जास्त वेळ मिळतो. ही खदखद धरून चारी बाजूंनी गणित केलं, तेव्हा अनेक तारे कॉम्प्युटरमध्ये फुटले. सगळेच अजून फुटत नाहीत.

मग हे खरं कशावरून? २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या छोट्या आकाशगंगेतल्या फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर आले. जपान, अमेरिका आणि रशियातल्या यंत्रांनी मिळून जेमतेम दोन डझन पकडले, तेही उजेड दिसण्याच्या काही तास आधी. गाभा आधी कोसळतो, हे त्यावरून पटलं.

आपण जालना-जिंतूर करत औंढा नागनाथला दर्शनाला जातो ना, त्याच तालुक्यात लायगो-इंडिया होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमधून अवकाशातून येणाऱ्या बारीक लहरी मोजायच्या. गाभा कोसळून उठलेली लहर आजवर कुठेच सापडलेली नाही. ती कशी दिसेल, याचा अंदाज या कॉम्प्युटरमधल्या ताऱ्यांवरूनच बांधतात.

त्या मुलीला बीएस्सी करायचंय. घरचे म्हणतात, एवढं शिकून गावात काय करणार? आम्ही तिच्या आईला सांगितलं, ताऱ्याचं आयुष्य मांडणारा 'मेसा' नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि चांगल्या लॅपटॉपवर चालतो. त्याला भौतिकशास्त्र आणि गणित पाहिजे, तिचे दोन्ही विषय आहेत. आई काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारली.