स्कॉटलंडची डिस्टिलरी आणि आपली गव्हाण



ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही गटागटातून फिरत असतो. अशाच एका फेरीत एका जुन्या सभासदाने बांधावर थांबवून आम्हाला विचारले, "साहेब, दारू आमच्या मळीचीबी होते आन् तिकडं विलायतेत धान्याचीबी होते. मग त्यांच्या बाटलीला एवढा भाव कशाचा?" त्या वेळी आम्ही दोन शब्दांत उत्तर देऊन पुढे निघालो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. म्हणून स्कॉटलंडमधील एका डिस्टिलरीची माहिती मिळवली. ती वाचताना ध्यानात आले की, या उत्तरात आपल्या उसासाठी घेण्यासारखे बरेच आहे.

सुरुवातीलाच सांगतो, हा लेख पिण्याच्या प्रचारासाठी नाही. दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. आपल्याला पाहायचा आहे तो कच्च्या मालाचा हिशेब.

बाप, नऊ मुले आणि एक गवंडी

स्कॉटलंडच्या उत्तरेस स्पे नदीच्या परिसरात डफटाउन नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८३९ साली विल्यम ग्रँट यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी गुरे राखली, पुढे चांभारकाम शिकले, आणि नंतर मॉर्टलॅक नावाच्या डिस्टिलरीत हिशेबनिसाची नोकरी धरली. वीस वर्षे तेथे काढून ते व्यवस्थापकपदापर्यंत पोहोचले. पण मनात एकच होते, आपली स्वतःची डिस्टिलरी असावी.

१८८६ साली त्यांनी नोकरी सोडली. जवळच्या कार्डो डिस्टिलरीत जुनी भांडी विकायला निघाली होती, ती त्यांनी १२० पौंडांच्या आत पदरात पाडून घेतली. सात मुलगे, दोन मुली आणि एक गवंडी एवढ्या मनुष्यबळावर दगडी इमारत उभी राहिली. २५ डिसेंबर १८८७ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, भांड्यातून पहिली धार पडली. या डिस्टिलरीचे नाव ग्लेनफिडिक, म्हणजे हरणांचे खोरे. आजही ती त्याच घराण्याच्या कंपनीकडे आहे.

त्या काळी डिस्टिलरीवाले आपला माल मोठ्या व्यापाऱ्यांना विकत. व्यापारी तो दुसऱ्या मालात मिसळून स्वतःच्या नावाने खपवत. १८९८ साली पॅटिसन नावाची अशीच एक बडी व्यापारी पेढी बुडाली आणि तिच्यावर विसंबलेले अनेकजण अडचणीत आले. ग्रँट मंडळींनी मग मिश्रण करण्याचे आणि विकण्याचे काम स्वतःच अंगावर घेतले. पुढे १९६३ साली त्यांनी न मिसळलेली, एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की स्वतःच्या नावाने परदेशच्या बाजारात नेली. आपला माल दुसऱ्याच्या नावावर गेला की भाव दुसऱ्याच्या हातात जातो, हे सहकारी कारखाना काढणाऱ्या पिढीला वेगळे सांगायला नको.

मोड आलेले धान्य

आता माल कसा तयार होतो ते पाहू. आपल्या उसात साखर तयारच असते. धान्यात असतो तो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. त्यामुळे आधी त्याची साखर करावी लागते. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या माय-बहिणींना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. मोड आलेले धान्य गोडसर लागते, ते याचमुळे.

सातू, म्हणजे बार्ली, दोन-तीन दिवस मध्ये मध्ये निथळत पाण्यात भिजवतात. मग चार-पाच दिवस मोड येऊ देतात आणि वेळेवर गरम हवेने वाळवून मोड थांबवतात. यालाच माल्ट म्हणतात. माल्ट भरडून सुमारे चौसष्ट अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवला की गोड रस सुटतो. चोथा गुरांच्या खाद्याला जातो. रस लाकडी पिंपांत यीस्ट घालून आंबवतात. ग्लेनफिडिकमध्ये हे काम साधारण तीन दिवस चालते. रसात आठ-नऊ टक्के अल्कोहोल तयार होते.

पुढे तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन होते. तांबे गंधकाचे उग्र वास ओढून घेते, म्हणून भांडे तांब्याचेच लागते. दुसऱ्या वेळी पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढून फक्त मधली धार घेतात. गूळ करणाऱ्याला जसा चाशणीचा नेमका क्षण कळावा लागतो, तसेच हे काम. उत्पादन वाढवताना ग्लेनफिडिकने भांड्यांची संख्या वाढवली, पण आकार आणि घडण जुनीच ठेवली. घडण बदलली तर चव बदलेल, ही त्यांची धास्ती.

ही धार ओक लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरली पाहिजे, असा तिकडचा कायदा आहे. प्रत्यक्षात बारा-पंधरा वर्षेही ठेवतात. दरसाल अंदाजे दोन टक्के माल हवेत उडून जातो. आपल्याकडे गोव्यातही आता माल्ट व्हिस्की होते. तिथल्या उष्म्यात ही घट कितीतरी जास्त पडते.

मग मळीचे काय?

एक टन माल्टपासून साधारण ४०० लिटर शुद्ध अल्कोहोल मिळते. एक टन मळीपासून प्रतवारीनुसार सव्वादोनशे-अडीचशे लिटर. मळीचे अल्कोहोल उंच कॉलममध्ये चढवून इतके स्वच्छ करतात की मूळ मालाची चव त्यात उरतच नाही. युरोपात तर धान्याच्याच अल्कोहोलला व्हिस्की म्हणता येते, मळीच्या नाही. आता आपल्याकडील पुष्कळसे अल्कोहोल इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जाते. पेट्रोलला चव लागत नाही, हे खरे. पण मळी हा शेवटी उरलेला माल आहे. आपला खरा माल रस. म्हणून तुलना करायची तर त्यांच्या सातूची आणि आपल्या उसाची करावी.

फाटकावरची परीक्षा

आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. तिकडे शेतकऱ्याची सातूची गाडी आली की ती लगेच खाली होत नाही. आधी नमुना काढतात. ओलावा पाहतात, दाणा जिवंत आहे का ते पाहतात. शंभरातले अठ्ठ्याण्णव दाणे उगवले पाहिजेत. आणि नत्र तपासतात. दाण्यात नत्र १.६५ टक्क्यांच्या आसपासच्या मर्यादेत हवे. ते वाढले की प्रथिने वाढतात, स्टार्च कमी होतो आणि अल्कोहोल कमी पडते. मर्यादा ओलांडली तर गाडी परत. मग तोच माल जनावरांच्या खाद्याच्या भावाने द्यावा लागतो. त्यामुळे तिकडचा शेतकरी खताची गोणी फोडण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

आपल्या गव्हाणीत प्रत्येक गाडीची अशी परीक्षा होत नाही. वजन झाले, पावती मिळाली, संपले. एफआरपी ठरते ती सगळ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. म्हणजे एकाच्या कमी साखरेच्या उसाचा तोटा सगळ्यांत वाटला जातो आणि दुसऱ्याच्या चांगल्या उसाचा फायदाही सगळ्यांत वाटला जातो. परीक्षा फाटकावर होत नाही म्हणून ती होतच नाही, असे मात्र समजू नये. ती हंगामाच्या शेवटी होते, आणि नापास झालो तर सगळे मिळून होतो.

मोठ्या बांधणीनंतरही युरिया टाकलेला ऊस आम्ही पाहतो. काळाभोर, उंच, पाहून डोळे निवावेत असा. हँड रिफ्रॅक्टोमीटर लावला की खालच्या कांडीचा रस एक सांगतो आणि वरच्या कांडीचा दुसरेच. ऊस वाढत राहिला, पिकला नाही. वर लोळला तर तोडणीवाल्यांची कुरकुर वेगळीच. अशा प्लॉटच्या मालकाला तोंडावर सांगणे आम्हालाही जड जाते, कारण त्याने कष्ट कमी केलेले नसतात.

तरी सांगतो. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीलाच संपवावा. तोडणी पक्वतेप्रमाणे घ्यावी. कार्यक्रम मोडून पुढची तारीख मिळवण्यासाठी गटऑफिसात गर्दी करू नये. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा. पाचट आणि वाढे मोळीत येऊ देऊ नयेत.

बारा वर्षांनी उघडायच्या पिंपासाठी ती माणसे दाणा दाणा तपासतात. आपल्या उसाची पावती तर वर्षा-दीड वर्षात हाती येते. त्या जुन्या सभासदाला आमचे उत्तर इतकेच, "दादा, त्यांचा भाव बाटलीवर लिहिलेला दिसतो, पण ठरतो तो शेतात. आपलाही तसाच ठरतो."

— ऊस विकास अधिकारी